शालिग्रामची पाणबुडी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, दिवशी अंबूबाईंनी पुरणपोळीचं ताट पुढ्यातून दूर सरकवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"दर्भाच्या कावळ्यानं माह्या नवऱ्याचं पोट भरते काय? खरा कावळा शिवला काच मी आखाजीची पोळी खाईन. पुढच्या आखाजीले नाई शिवला, तर त्या दिवसापासून अन्न बंद."

म्हातारी बोलली की करायचीच. शालिग्रामला आपल्या आईचा हट्ट ठाऊक होता.

धरणात गाव बुडालं तेव्हा लोकांनी दाराच्या चौकटी उपसून आणल्या, तुळस आणली, देव तर वाजतगाजत आणले. मेलेल्यांना मात्र कोणी 'चला' म्हटलं नाही. तेव्हापासून नव्या गावात पितरांच्या घासाला कावळा शिवत नव्हता. सगळे दर्भाचा कावळा करून भागवत होते.

"त्यायले नवं घर ठाऊकच नाई," शालिग्रामची बायको अन्नपूर्णाबाई म्हणाली. "खाली पाण्यात जाऊन सांगा ना मामाजीले, तुमच्या बाबाले."

शालिग्राम मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. भंगारातला जुना बॉयलर बैलगाडीत घालून त्याने आणला, त्याला जाड काच बसवली, वरून झाकण केलं आणि लोहाराच्या भात्याची नळी आत सोडली. लोक विचारू लागले, "हे काऊन बे?" खरं सांगायची लाज. एकाला तो म्हणाला, मासे पाहायचे आहेत. धरणाच्या कारकुनाला म्हणाला, भिंत गळते का ते पाहतो. सासऱ्याला म्हणाला, बायकोच्या कटकटीपासून थोडी शांतता पाहिजे. सासऱ्यालाच तेवढं कारण पटलं.

पुढच्या आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी पाणबुडी निघाली. जुनं घर टेकाडाच्या पायथ्याशी बुडालं होतं, म्हणून टेकाडावर मोटेचं चाक उभं केलं. शेजारच्या तुळशीरामने बैल मागे सरकवत बॉयलरला बांधलेला जाड दोर, मोटेचा नाडा, सोडला आणि शालिग्रामला घेऊन बॉयलर गडगडत पाण्यात गेला.

खाली हिरवट अंधार होता. काचेपलीकडे घराच्या भिंती दिसल्या, चौकट उपसलेलं दार दिसलं. ओसरीवरची बापाची बसायची जागा तेवढी स्वच्छ होती. बाकी सगळीकडे गाळ बसला होता.  शालिग्रामने आतूनच काचेला कुंकू लावलं, अक्षता ठेवल्या आणि हाक मारली, "बाबा, उद्या जेवाले या. नवं घर शाळेमागं हाय."

एवढ्यावर थांबायचं. पण आवतण देताना आपल्याकडे म्हणतातच ते जिभेवर आलं, "आळीतल्या समद्या मंडळीले घेऊन या."

बाहेरून पत्र्यावर टकटक झाली. मग दुसऱ्या बाजूनेही झाली. आत तंबाखूचा वास आला, कोणीतरी खोकलं, थंडगार गुडघा शालिग्रामच्या गुडघ्याला लागला. मानेवर श्वास आला. "जरा सरकून बस," कानाशी कोणी पुटपुटलं. तो सरकला. पुन्हा सरकला. मग जिवाच्या आकांताने त्याने नाडा हलवला.

वर बैलांनी जोर लावला आणि मटकन गुडघे टेकले.

"एकटा शालिग्राम एवढा जड?" तुळशीराम ओरडला. गावातल्या जोड्या एकामागून एक जुंपल्या तेव्हा कुठे पाणबुडी वर आली.

झाकण उघडलं तर शालिग्राम कोपऱ्यात गुडघे हनुवटीला लावून बसलेला, बाकीचा बॉयलर रिकामा.

"असे अंग चोरून काऊन बसले?" अन्नपूर्णाबाईने विचारलं.

"जागा कुठं होती?"

दुसऱ्या दिवशी गावावर कावळ्यांची झुंबड उडाली. घराघरात घास शिवला गेला, पंगती बसल्या. तुळशीरामच्या आजाने तर दोनदा घास नेला. शालिग्रामच्या छपरावरचा घास मात्र तसाच वाळत होता. अंबूबाई ताटासमोर बसून होत्या, ओठ घट्ट मिटलेले.

शालिग्राम रडकुंडीला आला. "माय, मी सांगतलं होतं वं. बाबाच नाई आले."

"तो कधी गाडीत बसला काय?" अंबूबाई म्हणाल्या. "तुह्या लग्नाले वरात मोटारीनं गेली, हा पायी आला. पंगत उठल्यावर. काल तुह्या डब्यातली जागा त्यानं दुसऱ्याले देली असन."

ऊन कलू लागलं. अन्नपूर्णाबाई दारात उभी होती. तिने शालिग्रामचा हात घट्ट धरला.

धरणाच्या वाटेवरच्या फुफाट्यात एक ओलं पाऊल उमटलं. त्याच्यापुढे दुसरं. वाटेवर माणूस नव्हता. पावलं सावकाश येत होती, मध्ये शाळेपाशी थांबली, इकडेतिकडे वळली आणि मग सरळ शालिग्रामच्या अंगणात शिरली. छपरावर पंख फडफडले. कावळ्याने घास उचलला.

 पावलं उंबऱ्याशी आली तशी अंबूबाईंनी डोळे पुसले, ताट जवळ ओढलं आणि रिकाम्या दाराकडे पाहून म्हणाल्या,

"पाय पुसून या आत. सुनेनं आत्ताच सारवलं हाय."