कर्णिकांचं पिंप

आमचे शेजारी कर्णिक आजारी माणसाला "बरं आहे ना?" असं कधी विचारत नसत. "किती आहे?" असं विचारत. अंबरनाथच्या कारखान्यात बॉयलर सांभाळून सांभाळून आकडा दिसल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वासच बसेना.

बदलापूरला त्यांच्या-आमच्या परसात एकच कुंपण. पलीकडे त्यांनी तेलाचं रिकामं पिंप उभं केलं होतं. तळाशी पेरूची लाकडं धुमसत ठेवायची, वर जाळीवर बोकडाची मांडी ठेवून आठ तास धुरी द्यायची. कारखान्यातल्या गोऱ्या साहेबानं विलायतेला परतताना शिकवलेली विद्या! आमची ही धुणं वाळत घालताना पिंपाच्या नावानं बोटं मोडायची.

कर्णिकांची बायको कधीच गेलेली. एकुलती एक लेक कुसुम पुण्याला सासरी. तिला पाचवा महिना लागला आणि तिनं लिहिलं, "बाबा, तुमच्या पिंपातल्या मटणाची फार आठवण येते." झालं! रविवारी एका दिवसासाठी येणाऱ्या लेकीचे डोहाळे पुरवायचे होते. मटण बिघडून चालणारच नव्हतं.

रविवारी पहाटेच मला हाक आली. "धरा हो जरा!" थर्मामीटर झाकणाच्या भोकातून सोडला. "हा नुसता धुराचा आकडा." पत्र्याजवळ नेला. "हा पत्र्याचा." मांडीत खुपसला. "हाडाला लागला! हाड फसवतं." शेवटी एका कच्च्या बटाट्यात आरपार खोवून बटाटा जाळीवर ठेवला. काच लोखंडाला लागेना, टोक मटणाला खेटून. "आता खरं बोलेल लेकाचा!" मग दर पंधरा मिनिटांनी वाकून बघणं.

दुपारी कुसुम आली. कर्णिकांनी ऐटीत झाकण उघडलं. वास आला मात्र, पोरगी तोंडाला पदर लावून मोरीकडे धावली.

"आकडा बरोबर होता हो," ते मलाच सांगत राहिले. मला फार वाईट वाटलं. कुसुम ताकभात खाऊन झोपली आणि मटण आमच्याकडे आलं. झकास झालं होतं! हिनंसुद्धा दोनदा वाढून घेतलं.

तेवढ्यात कर्णिक वही-पेन्सिल घेऊन कुंपणाशी आले. "वहिनी, अशा दिवसांत बायकांना काय खावंसं वाटतं? तिची आई असती तर... मला यातलं काही कळत नाही हो."

आमची ही एरवी ऐकून घेणारी नव्हे. पण आज हात धुऊन ती कुंपणाशी गेली. "लिहू नका, भाऊजी. उठली की पाठवा तिला इकडे. मला सांगेल ती."

कर्णिकांनी मान हलवली, पण ते जागचे हलेनात.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "मीही आलो तर चालेल?"