सरदारचं वजन

फोटोचं वजन उतरवण्यात अख्ख्या परभणीत माझा हात कुणी धरणार नाही! शाळेच्या कचेरीत मी कारकून. पोरांचे ऑनलाइन फॉर्म भरून भरून ही विद्या हातात बसली आहे. म्हणून पेडगावचा सटवाजी, माझा शाळासोबती, आपला लाल कंधारी बैल पशुप्रदर्शनात उतरवायला निघाला, तेव्हा अर्जाचं काम मी अंगावर घेतलं. मागच्या वर्षी त्याच्या सरदारचा पहिला नंबर थोडक्यात हुकला होता. यंदा सटवाजीनं वर्षभर ढेप-सरकी चारून बैल चकचकीत केला होता. मी पेडगावला जाऊन माझ्याच मोबाइलवर फोटो काढला. बैल देखणा, फोटो त्याहून देखणा!

अडचण एकच. फोटो चार एमबीचा आणि अर्जात जागा पन्नास केबीची.

आधी लॉसलेस पद्धत वापरली. तिच्यात फोटोतलं काहीच जात नाही, फक्त घडी नीट बसते. पण फोटो साडेतीन एमबीवर आला आणि तिथंच ठाण मांडून बसला. मी सटवाजीला फोन लावला.

"सटवाजी, सरदार लय जड व्हायलाय रे! हलका झाल्याबिगर प्रदर्शनात घेणार न्हाईत."

"जड? आरं, मागल्या साली हलका म्हणून तर नंबर हुकला!"

"मागल्या साली अर्ज कागदावर होता. आता नियम बदललेत. फिकीर करू नको, थोडं थोडं कमी करत गेलं की बसतंय."

"कवापर्यंत?"

"आठ दिवस हायेत."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला. मला वाटलं, माझ्या उपकारांनी भारावला असेल!

मग मी लॉसी पद्धतीला हात घातला. हिच्यात डोळ्याला फारसं न दिसणारं काढून टाकतात. एकदा काढलं, दोनदा काढलं. त्याच फोटोवर पुन्हा सेव्ह, पुन्हा सेव्ह! आठव्या खेपेला एकोणपन्नास केबी! मी टाळीसाठी बायकोपुढं हात केला.

अंबिकानं स्क्रीनवरच्या लाल चौकोनांकडं पाहिलं. "ही वीटभट्टी कुणाची?"

बायकांना यातलं काय कळतं, असं म्हणून मी अर्ज पाठवून दिला.

प्रदर्शनाच्या दिवशी सटवाजी आला. दाव्याला बरगड्या आणि बरगड्यांवर कातडं! पंच दिनकररावांनी अर्ज डोळ्यांजवळ धरला. "ह्या फोटोत शिंगं कुठं हायेत?" मग त्यांनी समोर पाहिलं. "आणि ह्याच्यात बैल कुठं हाय?"

"काशीनाथनंच सांगितलं, जड हाय म्हणून!" सटवाजी माझ्याकडं बोट दाखवत रडकुंडीला आला. "आठ दिवस ढेप बंद केली साहेब. नुसत्या कडब्यावर ठेवलाय!"

नंबर गेला. मी मान खाली घालून कबूल केलं, की केबी हे फोटोचं वजन, बैलाचं नव्हे. शिव्या खायला तयार होऊन उभा राहिलो. सटवाजी बराच वेळ सरदारच्या पाठीवरून हात फिरवत होता. ते बघून मला शिव्या परवडल्या असत्या.

"तो पहिला फोटो तर दे," तो शेवटी म्हणाला. "चांगल्या दिवसातला हाय. घरात लावतो."

"त्याच्यावरच सेव्ह करत गेलो रे. लॉसीत गेलेलं परत येत न्हाई."

"मंग माझंच बरं की! माझं गेलेलं ढेपंनं परत येतंय."

तेव्हापासून दर रविवारी मी ढेपेचं पोतं घेऊन पेडगावला जातो. सरदार चांगला भरत आलाय. माझ्या हातून खातोसुद्धा. फक्त मी खिशातून मोबाइल काढला, की दाव्याला हिसके देत मागं सरकतो!