गब्रूकाकांचा गैरहजर भाऊ

गब्रूकाकांना वाद घालायला समोर माणूस लागत नसे. अकोल्याच्या आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी पाच भाकरी आणि दोन माशांचा धडा संपवला रे संपवला, की तिसऱ्या बाकावरून काकांचा हात वर.

"पाळकसाहेब, मले पटलं. पन आता आमचा दादा काय म्हनन?"

मग मान जरा वाकडी करून, आवाज घोगरा करून ते स्वतःच दादा होत. "का रे गब्रू, पाच हजार मानसं जेवले म्हनतं. मंग बायका काहून नाई मोजल्या? त्या का उपाशी होत्या?"

आम्हा बायकांच्या बाजूला खसखस पिके. पाळकसाहेब पानं उलटत, चष्मा पुसत आणि शेवटचं गीत लवकर सुरू करत.

हे दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. अंजनगाव सुर्जीला राहत. आमच्यापैकी कोणी त्यांना पाहिलेलं नव्हतं, पण त्यांची मतं लहान पोरांनाही पाठ होती. काका स्वतः शिंपी. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं दुकान, गळ्यात कायम टेप, आणि चर्चचे ते पंच. उपासनेला आले तरी टेप काढायला विसरत. पाळकसाहेबांना वाटे, आपल्या प्रवचनाचं माप घ्यायलाच आणलाय.

मी तेव्हा वीस वर्षांची. अमरावतीहून शिक्षिकेचं ट्रेनिंग करून आलेली, दोन वेण्या, कडक इस्त्रीची साडी, हातात रविवारच्या शाळेची रंगीत चित्रं. ख्रिस्ती धर्म जगाला नीट समजावून सांगायचं काम देवाने इतकी शतकं माझ्यासाठीच राखून ठेवलंय, अशी माझी खात्री होती. आज ती पोरगी मला भेटली तर आधी तिच्या वेण्या ओढीन.

दादांच्या शंकांनी माझा तिळपापड होई. पण पंचांच्या बैठकीत त्याच शंकांनी काय केलं, ते माझ्या अण्णांनी घरी येऊन सांगितलं. अण्णाही पंच होते. आमच्यातली एक नर्स कुणाबरोबर पळून गेली होती, ती मूल घेऊन एकटी परत आली. तिला प्रभुभोजनाला बसू द्यायचं की नाही, यावर पंचांचं तासभर गुऱ्हाळ चाललं. शेवटी काका म्हणाले, "मी काईच म्हनत नाई. पन आमचा दादा म्हनन, का रे, तुमचा देव हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेऊन येते, अन् तुमी देवालेच दारात अडवता? म्हनता, थांब, आमी ठरवून राहिलो?"

पुढच्या रविवारी ती नर्स बाकावर होती आणि तिचं पोर काकांच्या मांडीवर बसून टेप चावत होतं.

"काका, तुमचे दादा इतके हुशार, तर ते इकडे का येत नाहीत?" मी एकदा दुकानात विचारलं. काकांनी मान खाली घालून मशीन जोरात चालवलं. उत्तर काकूंनी दिलं, काजं करता करता.

दादांनीच लहानपणी काकांना हात धरून मिशनच्या शाळेत घातलं होतं. तिथे काका ख्रिस्ती झाले. मग वर्षानुवर्षं त्यांना एकच ध्यास, दादानेही यावं. एकदा दादा म्हणाले, पाहू. एवढ्यावर काकांनी त्यांच्या बाप्तिस्म्यासाठी पांढरा शुभ्र शर्ट शिवून पाठवला. ते साल छपन्न. दादा तो शर्ट घालून नागपूरला गेले आणि बुद्धाची दीक्षा घेऊन आले.

"माया हातचा शर्ट घालून!" काका एकदम मशीन थांबवून म्हणाले.

तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. दादांच्या घरून इकडे कोणी आलं नाही, इकडून कोणी गेलं नाही. काका रोज बोलत होते, पण ते दादांशी नव्हे, दादांच्या वतीने.

एके दिवशी अंजनगावच्या बाजारातून आलेल्या माणसाने निरोप दिला की दादांनी अंथरूण धरलंय. काका तसेच आमच्या घरी आले. "अण्णा, पोरीले धाडता का माया संग? एकट्याले पाहून थो दारातूनच हाकलन. मास्तरनीले नाई हाकलनार."

मला तर आनंदाचं भरतं आलं. दादांच्या एकूण एक शंकांची उत्तरं मी बायबलात चिठ्ठ्या घालून तयार ठेवली. बायबल फुगून डब्याएवढं झालं. एसटीत अकोटपर्यंत मी काकांना माझी उत्तरं ऐकवत होते. ते खिडकीबाहेर बघत होते. "हो माय, हो," म्हणत होते.

दारात काकांच्या वहिनी उभ्या होत्या. "या भाऊजी. पन आजारी मानसापुढं वाद नोका घालू."

आत बुद्धाच्या फोटोला ताजी फुलं होती. खाली खाटेवर दादा. मी मोठा धिप्पाड माणूस मनात धरून आले होते. हे काकांहूनही बारके. मान मात्र तशीच जराशी वाकडी.

काका खाटेजवळ जाऊन उभे राहिले. मग दादा म्हणाले, "बाही लांब केली होती तुनं."

"तुये हात आखूड हायेत."

"नागपुरात दिसभर दुमडून घालावी लागली."

"मले न इचारता गेला तू."

"शर्ट तुया होता, गब्रू. आंग तं मायंच होतं न?"

वहिनींनी तोंडाला पदर लावला. काका खाटेच्या पायथ्याशी बसले आणि त्यांनी दादांचे पाय दाबायला घेतले. आता माझी वेळ, म्हणून मी घसा साफ करून बायबल उघडलं. चिठ्ठ्या भराभर जमिनीवर पडल्या. त्या गोळा करून मी वर पाहिलं, तर काका नुसती मान हलवत होते. नको.

"काहून रे?" दादा म्हणाले. "तिकडं माया नावानं लय बोलतं म्हनतात तू. आता बोल न."

"काय बोलू? तू हायेस न इथं."

दुपारभर ते पाय दाबत राहिले. आमच्या चर्चमधली सगळ्यांत लांब प्रार्थना करणारा माणूस त्या दिवशी प्रार्थनेचा एक शब्द बोलला नाही. निघताना मात्र दारात अडखळले.

"दादा, रविवारी येऊ?"

"रविवारी? तुया देवाकडं कोन जाईन मंग?"

"थो समजून घेईन. तूच समजून घेत नाई कवाच."

त्यानंतर दर रविवारी पहाटेच्या एसटीने काका अंजनगावला. पंचच उपासनेला गैरहजर, म्हणून पाळकसाहेबांनी कुरकुर केली. अण्णा त्यांना म्हणाले, "साहेब, ते उपासनेलाच गेलेत, तिकीट काढून." भाकरी-माशांचा धडा आता निर्वेध पार पडू लागला. मी चित्रं दाखवायचे, मुलं माना डोलवायची, आणि मला स्वतःचाच कंटाळा यायचा. कोणीतरी काहीतरी विचारावं म्हणून मी तिसऱ्या बाकाकडे बघायचे.

उन्हाळा लागायच्या आत दादा गेले.

काही दिवसांनी मी दुकानात गेले. काका कुणाच्यातरी शर्टाची कॉलर लावत होते. वीस वर्षांच्या मास्तरणीला शोभेल असाच प्रश्न मी विचारला. "काका, शेवटी त्यांच्यासाठी प्रार्थना केली ना तुम्ही?"

"येळ कुठं भेटला, माय? गेलो का भांडन सुरू. च्या गोड झाला, खिडकी काहून लावली, लहानपनी पतंग कोनं फाडली. सारा दिस त्यातच जाये."

त्यांनी मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं.

"अजून लय भांडाचं होतं मले," ते म्हणाले.