कर्णिककाकांचं निशाण

इंग्लंडातल्या आमच्या कॉव्हेंट्रीत कोबी आणायलासुद्धा पुरुषभर उंचीची काठी घेऊन जाणारा माणूस एकच, डॉक्टर कर्णिक. काठीच्या टोकाला पितळेचा उघडा हात. हे म्हणे प्राचीन रोमन फौजेचं निशाण. दर रविवारी काका काही निवृत्त गोऱ्यांबरोबर रोमन शिपाई बनून मैदानात कवायत करतात. निशाणवाल्याच्या डोक्यावर लांडग्याचं कातडं लागतं. काका शुद्ध शाकाहारी, त्यामुळे त्यांनी बाथरूममधली करडी मॅट शिवून घेतली.

रविवारचं मी समजू शकतो. पण काठी बसमध्ये, देवळात, लायब्ररीत कशाला? विचारलं की उत्तर ठरलेलं, "ड्यूटी आहे, बाबा. निशाण हलता कामा नये." मग लेक्चर. निशाणवाल्यानं लढण्यापेक्षा दिसत राहायचं, धुळीत चुकलेले शिपाई निशाण बघून परत येतात, वगैरे. आता कॉव्हेंट्रीच्या बसमध्ये कसली धूळ आणि कुठले शिपाई? मी नाद सोडला.

यंदा गणपतीच्या मिरवणुकीत तर त्यांनी कहर केला. ढोलपथकापुढे मॅट पांघरून उभे. एका भाविक बाईंना वाटलं, हे कुठल्यातरी देवस्थानाचं असणार. त्यांनी काठीला हळदकुंकू वाहिलं. पाठोपाठ रांगच लागली. कुणी हार घातला, कुणी पेढा ठेवला. शेवटी मीही नमस्कार करून टाकला.

तेवढ्यात लक्षात आलं, काकांच्या सौ., सुधाकाकू, कुठेच नाहीत. काकूंचं विसरणं हल्ली फार वाढलंय. घरातल्या घरातही वाट चुकतात. आम्ही सगळे शोधायला धावलो. काका मात्र जागचे हलेनात. माझं डोकंच फिरलं.

"अहो काका, काकू सापडत नाहीयेत. ठेवा ना ती काठी!"

काकांनी दोन्ही हातांनी ती आणखी उंच धरली.

थोड्या वेळानं गर्दीतून काकू आल्या. वर त्या पितळी हाताकडे बघत, सरळ चालत. येऊन त्यांनी काठी घट्ट धरली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

काकूंनी मॅटखालच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"आमचे हे इथेच असतात," त्या काकांना म्हणाल्या. "आले नाहीत का हो अजून?"

"येतील," काका म्हणाले. "तोवर तुम्ही इथेच थांबा. मी आहे."