पाण्याची वेळ

सोलापूरच्या कडेला असलेल्या एका कॉलनीच्या टाकीचा वॉल्व्ह नवनाथच्या ताब्यात होता. पाणी चार दिवसांनी यायचं आणि नेमकं कधी, हे फक्त नवनाथला ठाऊक असायचं. तो सांगायचा सातला आणि सोडायचा नऊला. वेळ खरी सांगितली की माणसाची किंमत राहत नाही, असा त्याचा अनुभव होता.

हा नवनाथ वॉल्व्हची चावी कॉलनीतल्याच मल्लेशकडं देऊन, बायको कीर्तीला घेऊन कोकणात समुद्र बघायला गेला. कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील वाळत होते. समोर ओहोटीनं वाळू उघडी पडली होती आणि माणसं समुद्रातल्या किल्ल्याकडं चालत निघाली होती.

"जेवनाच्या आदी परत फिरा," बोंबील टांगणारी कोळीण म्हणाली. "दुपारी पानी येल."

नवनाथ गालात हसला. "दुपारी म्हणत्यात म्हंजी संध्याकाळ धर," तो बायकोला म्हणाला.

"ती हितलीच हाय की. तिला म्हाईत असंल."

"पाण्याचा टाइम लोकांना कसा सांगत्यात, हे तू मला नको शिकवू."

किल्ल्यात बुरूज होते, तोफा होत्या. पण नवनाथ अडकला तो गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी. चहूकडं खारा समुद्र आणि मधे हे असं पाणी. तो दोनदा प्यायला, तोंड धुतलं आणि इथून पाइपलाइन कशी काढता येईल, ते कीर्तीला समजावत बसला. बाकीचे लोक एकेक करून परत गेले. हे दोघं दरवाज्याशी आले, तेव्हा वाट कुठं दिसेना. नुसत्या लाटा.

तेवढ्यात फोन वाजला. कॉलनीतल्या दाक्षायणीवहिनी होत्या.

"भाऊजी, पाणी कधी येणार?"

नवनाथची नजर समोरून हलत नव्हती. "आलंय की," तो बधिर आवाजात म्हणाला. "लई आलंय."

फोन कट झाला. थोड्या वेळानं मल्लेशचा आला. "काय सांगितलं हो तुमी? अख्खी कॉलनी हंडे घेऊन माझ्या दारात बसलीय. उठंनात."

कीर्तीनं पायरीवर बसून शेंगाचटणीची पुडी सोडली आणि एकटीनंच भाकरी खाल्ली.

संध्याकाळी ती कोळीणच नवऱ्याची होडी घेऊन आली. नवनाथ खाली मान घालून म्हणाला, "मावशी, तुमी म्हणला त्या टायमालाच आलं की वो."

"मंग कवा येनार?" तिनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर तेच नवनाथच्या मनात घोळत राहिलं. माणसाचा शब्द असा असावा, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी तो घरोघरी जाऊन सांगून आला, "सकाळी सातला सोडतो." आणि सकाळी खरोखर सातला त्यानं वॉल्व्ह उघडला. टाकी रिकामी झाली तसा समाधानानं घरी येऊन चहा प्यायला.

नऊच्या सुमारास दाक्षायणीवहिनी कोरडी घागर घेऊन दारात उभ्या राहिल्या. मागं निम्मी कॉलनी.

"सातला सोडलं की, वहिनी. सातलाच सांगितलं व्हतं."

"व्हय," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "तुमी सातला म्हणला, म्हणून तर आमी नऊला उठलो."