फुकटच्या उन्हाची बॅटरी

"अख्ख्या मुरबे गावाची वीज जाईल, पण या कमलाकांताच्या घरातली जाणार नाही!" हे वाक्य मी त्र्याण्णव सालच्या दिवाळीत, बस स्टॉपवर, दहा माणसांसमोर ठणकावून बोललो. आता कोणी त्याची आठवण काढली की मी बसची वाट न बघता चालायला लागतो.

त्याचं असं झालं. बोईसरच्या ज्या कारखान्यात मी स्टोअरकीपर आहे, तिथल्या मालकांनी कुठल्याशा प्रदर्शनातून उन्हावर वीज करणाऱ्या चार काचा आणल्या होत्या. दोन वर्षं त्या माझ्याच स्टोअरमध्ये धूळ खात पडल्या. माझ्या नोकरीला पंधरा वर्षं झाली तेव्हा साहेबांनी मनगटी घड्याळाऐवजी त्या मला भेट दिल्या. सगळे हसले. मी नाही हसलो. काचा फुकट, ऊन फुकट, म्हणजे वीज फुकट! एवढं सोपं गणित त्या कारखान्यात कोणालाच सुटलं नव्हतं.

काचा घराच्या धाब्यावर बसवल्या. चारी मिळून आमच्या दाराएवढ्या झाल्या. मग बोईसरला स्टेशन रोडवर दिनानाथ बॅटरीवाल्याकडे गेलो.

"ऊन फुकट हाय ओ," दिनानाथ म्हणाला, "पण अंधार पडल्यावर ते ठेवणार कुठं? बॅटरी लागंल. एकोणीसशे रुपये."

"एकोणीसशे! अहो, एवढा माझा पगार नाही!"

"मग बल्ब दुपारचा लावा. दुपारी बॅटरी लागत नाय."

आता माझी बायको पुष्पलता बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकते. बारा वर्षं ती गटाराच्या कडेला पाटी घेऊन बसत होती. त्या साली बाजारात पक्के ओटे बांधले आणि त्यातला एक तिला मिळणार होता. अनामत दोन हजार, संक्रांतीच्या आत भरायची. तेवढ्यासाठी तिने भिशी लावली होती आणि ती नेमकी त्याच आठवड्यात तिला लागली!

"मला दे," मी म्हटलं. "ओव्हरटाइम करतो आणि संक्रांतीच्या आत परत देतो."

"आणि नाय दिलेत तं? ओटा दुसरीला जाईल."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

ती गप्प राहिली. तो होकार आहे असं मी धरून चाललो. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मी शिकलो नव्हतो.

बॅटरी आली. मी घरातल्या दोघींना, म्हणजे पुष्पलताला आणि आईला, धाब्यावर नेऊन समजावलं. "हे बघा, गावात इतकं ऊन कुठेच पडत नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, सावलीचं नाव नाही! काच चांगली तापते. हिच्यावर कावळा बसता कामा नये आणि रोज ही धुऊन लख्ख झाली पाहिजे!"

आईने काचेवरून हात फिरवला. "वाळू पण नाय लागत रे," ती कौतुकाने म्हणाली. आई पहिल्यांदाच माझ्या एखाद्या वस्तूचं कौतुक करत होती. मी भरून पावलो.

पहिल्या संध्याकाळी सातला गावाची वीज गेली आणि आमचा बल्ब लागला! अर्धी आळी बघायला आली. मी पायरीवर उभा राहून भाषण केलं.

मंगळवारी बल्ब पिवळा पडला. बुधवारी लाल. गुरुवारी बल्ब लागलाय की नाही हे बघायला काडी ओढावी लागली.

दिनानाथकडे धावलो. त्याने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "एक बॅटरी कमी पडते. दुसरी जोडा."

ओव्हरटाइमचे पैसे गेले. दुसरी बॅटरी आली, तिच्याबरोबर बॅटरीचं पाणी आलं, जाड वायर आली, दोन्ही बॅटऱ्या ठेवायला लाकडी घोडा आला. चाळीस रुपयांचा बल्ब लावायला साडेचार हजार रुपये दारात बसले! आणि बल्ब तसाच, आजारी.

फक्त एक गंमत होती. रविवारी बॅटऱ्या छान भरायच्या. रविवारी बल्ब झळझळीत, सोमवारपासून पुन्हा रडगाणं. स्टोअरकीपरच्या डोक्याला हे खटकल्याशिवाय कसं राहील? मी विचार केला, रविवारी काय वेगळं असतं? आणि ट्यूब पेटली, डोक्यातली!

रविवारी शेजारचा दामू माकुणसारला सासुरवाडीला जातो! आणि गावाची वीज गेली तरी याच दामूचा टीव्ही चालू असतो!

दुसऱ्या दिवशी बस स्टॉपवर मी त्याला गाठलं. "दामू, वायर कुठून टाकलीस ते सांग!"

"कसली वायर?"

"माझी वीज पळवतोस आणि वर विचारतोस!"

"कमलाकांतभाऊ, माझा टीव्ही होडीच्या बॅटरीवर चालते! येऊन बगा!"

"होडीच्या बॅटरीवर! आणि ती भरतोस कुठे?"

दामू रागाने लाल झाला. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं, त्याच्या बायकोने आमच्याकडून विरजण नेणं टाकलं. मी मात्र पुरावा शोधायचं ठरवलं. संक्रांतीला चार दिवस राहिले होते, पुष्पलताचे पैसे माझ्याकडे नव्हते आणि सगळा दोष दामूवर गेला तर मला फार बरं वाटणार होतं. खरं सांगतो, पैशांचा विषय निघेल म्हणून त्या दिवसांत मी बायकोसमोर जेवायलासुद्धा बसत नव्हतो.

बुधवारी अर्धी रजा टाकली. भर दुपारी, चपला हातात घेऊन, दामूला रंगेहाथ पकडायला धाब्यावर चढलो.

वर आई बसली होती. डोक्यावर पदर, हातात काठी. समोर माझ्या चारही काचांवर बोटभर जाडीचा जवळा पसरलेला! नखाएवढी कोलंबी, एकसारखी, गुलाबी. काचेचा एक कोपरासुद्धा दिसत नव्हता.

"आई!"

"वरडू नको, एक कावळा फिरकू देत नाय मी!" ती म्हणाली. "तूच नाय बोललास, कावळा बसू देऊ नको?"

"हे रोज?"

"रोज. तू गेलास की घालते, तू यायच्या आत काडते नि काच धुते. लख्ख! फकस्त रविवारी नाय. रविवारी आमी दोघी बाजारात."

मी जवळ्याशेजारी मटकन बसलो. खालून पुष्पलता आली.

"तुला माहीत होतं?"

"मग? सगल्या गावात इथं ऊन जास्त पडते, तुमीच दाखवलंत!"

"अगं, त्या उन्हाची वीज होते!"

"वीज कुठं होते? बल्ब तं लागत नाय!"

मग जे टाळत होतो ते बोललो. "पुष्पा, ओट्याचे पैसे... माझ्याकडे नाहीत गं. मी चुकलो."

"मला काय ते कळत नाय? कवाच भरले," ती म्हणाली. "वाळवणाची वाळू नाय, जाळ्याचा कचरा नाय, असा जवळा बोईसरात कोण देते? गिऱ्हाईक दीडपट भाव देते नि वर थांबते. परवा अनामत भरून पावती आणली."

मला लाज वाटली आणि हायसंही वाटलं, दोन्ही एकदम. त्याच पावली दामूकडे गेलो आणि अंगणातच हात जोडून माफी मागितली. त्याने ते शांतपणे ऐकलं, मग हळूच विचारलं, "बायको विचारते, तसल्या काचा अजून मिळतील काय?"

संक्रांतीनंतरच्या पहिल्या बाजाराला पुष्पलता ओट्यावर बसली. दोन्ही बॅटऱ्या मी खांद्यावरून तिथे नेल्या होत्या. आता त्या दिनानाथ त्याच्या दुकानातल्या साध्या विजेवर भरून देतो, दर खेपेला पंधरा रुपये. ओट्यावर बल्ब झकास लागला.

एक बाई थांबल्या. जवळा हातात घेऊन म्हणाल्या, "किती स्वच्छ आहे हो! कसा सुकवता?"

"आमच्या यांनी शोध लावला," पुष्पलता ताठ मानेने म्हणाली. "कारखान्यात असतात ते."

बाईंनी आदराने माझ्याकडे बघितलं. मी घसा साफ केला, मान वर केली आणि विचारलं, "पाव किलो देऊ की अर्धा?"