सत्यभामाबाईंच्या भुवया

आता जे सांगतो त्यावर विश्वास ठेवणारा माणूस डोणगावपासून लोणारपर्यंत सापडायचा नाही! पण इंद्रभान खोटं बोलत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

माझ्या नातीचं, अर्पिताचं, रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. फोटो निघणार, व्हिडिओ निघणार. आमच्या मंडळींच्या, सत्यभामाबाईंच्या, भुवया वयोमानाने उडालेल्या. मेहकरला एका पार्लरात सुईने शाई भरून कायमच्या भुवया काढतात म्हणे. गेल्या, अन् काढून आल्या! काय त्या भुवया! दोन काळ्याशार गोमा झुंजायला समोरासमोर!

दुसऱ्या दिवशी खाज सुटली. आम्हाला वाटलं, गोंदणच ते, थोडं सुजणारच. हळद कालवली एरंडेलात अन् दिली चोपडून! झालं! कपाळ पुरीसारखं टम्म फुगलं, डोळे गडप, भुवया पार टाळूकडे सरकल्या. दवाखान्यात निघालो, तर बसच्या कंडक्टरने ते तोंड पाहून त्या एकाच तोंडाची दोन तिकिटं फाडली!

डॉक्टर म्हणाले, "शाईची अ‍ॅलर्जी आहे. गोळ्या घ्या, मलम लावा. बाकी घरचं काहीही लावू नका."

पण रविवार तर तोंडावर आलेला! धीर कोणाला? मी कडुलिंबाचा पाला आणला, उकळून त्या पाण्याने तोंड धुवायला. शेजारची बकरी टपलेली, म्हणून जुडी दाराच्या चौकटीला उंच बांधली. तिथेच घात झाला!

तेवढ्यात लोणारहून छायाबाई आल्या. अर्पिताची होणारी सासू! अंगठीचं माप घ्यायला. दारावरचा लिंब पाहिला अन् पायरीवरच थबकल्या. आमच्याकडे कोणाच्या अंगावर माता आली, म्हणजे कांजण्या निघाल्या, की दाराला लिंब बांधतात. मग त्या घरात ना पाहुणा, ना मंगलकार्य!

"अवं माय! कोणाले आली माता?"

"कोणालेच नाही, विहीणबाई!"

"मंग लिंब काऊन बांधला?"

"बकरीसाठी!"

"बकरीले माता आली?"

त्यांनी पोराला फोन लावला. "शेखर, मंडपवाल्याले थांबव बापा. रविवारचं काही खरं नाही."

मागे अर्पिता पाण्याचा तांब्या घेऊन उभी. पोरीचा चेहरा पांढराफटक. आता लाज झाकू की साक्षगंध वाचवू?

"थांबा! सारं सांगतो!" म्हणालो. गोमा, पुरी, दोन तिकिटं, सगळं सांगितलं. "सत्यभामाबाई आत निजून आहेत. लाजेनं कोणाले तोंड दाखवत नाहीत, बिचाऱ्या!"

छायाबाईंनी मला खालून वर न्याहाळलं. "अन् आबाजी, तुम्ही घरात गॉगल लावून, कपाळाले दुपट्टा गुंडाळून काऊन बसले?"

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना! देवाशप्पथ!"

"अवं विहीणबाई, उन्हात काऊन उभ्या?" मागून आवाज आला. भाजीची पिशवी घेऊन सत्यभामाबाई फाटकात! तोंड स्वच्छ, भुवया होत्या तशाच विरळ.

छायाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सत्यभामाबाईंनी पिशवी खाली ठेवली, पुढे आल्या अन् माझा गॉगल उतरवला, दुपट्टा ओढला. अर्पिताने तोंडाला पदर... पदर कुठला, ओढणी लावली. खांदे गदगदा हलत होते.

छायाबाईंनी फोन पुन्हा कानाला लावला.

"शेखर, मंडप राहू दे, रविवार पक्का! माता नाही आली बापा. भुवया आल्या, अन् त्याही आबाजीले!"